'घाट' आणि 'घाट्स' : सह्याद्रीच्या इंग्रजी नावाचा अर्थ व वापर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'सह्याद्री अथवा पश्चिम घाट' हा शब्दप्रयोग आपल्या पाठ्यपुस्तकांत इतका रुळलेला आहे की, ही दोन नावे एकाच अर्थाची आहेत हे आपण गृहीत धरून चालतो. काही वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात महाराष्ट्राची प्राकृतिक रचना सांगत असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, पश्चिम घाट कुठल्या गावाहून कुठल्या गावाला जातो?" वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मैंदर्गी परिसरातील मुलांना घाट ठाऊक असतो तो दोन प्रकारचा. एक पंढरपूरचा, चंद्रभागेच्या पात्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांचा. आणि दुसरा सोलापूरहून तुळजापूरला जाताना गाव येण्याआधी लागणारा, वळणांचा. कोजागरी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना हा दुसरा घाट चांगलाच परिचयाचा आहे. घाट म्हणजे वाट, आणि वाटेला दोन टोके असतात. त्या मुलीने मराठी शब्दाचा मराठी अर्थ घेतला होता. तिच्यासमोर जे नाव आले होते ते मात्र इंग्रजीतून परत आलेले होते.

पर्वतातील वाटेचे नाव पर्वतालाच कसे पडले, इंग्रजीत ते कोणत्या अर्थांनी वापरले गेले, आणि ते भाषांतरित होऊन मराठीत परतल्यावर काय घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पर्वताचे जुने नाव :

'सह्य' हे नाव प्राचीन आहे. महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य व पारियात्र या सात कुलपर्वतांत पुराणांनी त्याची गणना केली आहे. नाशिकच्या पांडवलेणीतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध लेख आहे (वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे १९ वे राज्यवर्ष), त्यात गौतमीपुत्र सातकर्णी ज्या पर्वतांचा स्वामी म्हणून गौरविला आहे त्यांत सह्य आणि मलय ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे येतात. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाच्या मार्गावर सह्य पर्वत आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पुराणे पर्वताची ओळख त्यातून निघणाऱ्या नद्यांवरून करून देतात. गोदावरी, भीमरथी, कृष्णवेणी या सह्यातून निघालेल्या. कृतमाला व ताम्रपर्णी या मलयातून निघालेल्या. काही पुराणांच्या याद्यांत कावेरीही सह्याच्या नद्यांत येते. म्हणजे सह्य हा आजच्या महाराष्ट्रापुरता पर्वत नव्हता. तो थेट कोडगूपर्यंत पोहोचत होता. यादीतील भीमरथी म्हणजे आपली भीमा. अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण कडेने ती वाहते आणि पलीकडे कर्नाटक सुरू होते. मैंदर्गीच्या माळावरून सह्याद्री दिसत नाही, पण पुराणकारांच्या हिशेबाने आपण सह्याच्याच नदीकाठी राहतो. (महाबळेश्वरी वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि सोलापुरात तो साडेपाचशेच्या आसपास, हाही त्याच पर्वताचा आपल्याशी असलेला संबंध आहे, मात्र तो कोणत्याही पुराणाने नोंदविलेला नाही.)

या नावाची मर्यादा सर्व काळात एकच होती असेही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना दोन डोंगररांगा सांगितल्या आहेत. गाविलगड, नरनाळा ज्या रांगेवर आहेत ती एक, आणि माहूरचा किल्ला जिच्यावर आहे ती दुसरी. या दुसऱ्या रांगेचे नाव तो 'सह्या' असे देतो. माहूर आज आपण सह्याद्रीत मानत नाही. परंतु पश्चिमेच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या रांगांनाही लोक सह्यच म्हणत असावेत, असे या नोंदीवरून अनुमान करता येते.

'घाट' शब्दाचे मूळ अर्थ :

संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीवर उतरण्याची वा स्नानाची जागा. परंतु त्याला आणखी एक अर्थ होता व इतिहासाच्या अभ्यासकाने तो विसरू नये. घट्ट म्हणजे जकातीचे ठाणे. 'घट्टकुटीप्रभातन्याय' हा संस्कृत न्याय प्रसिद्ध आहे. जकात चुकविण्यासाठी व्यापारी रात्री आडवाटेने निघतो, रात्रभर भटकतो आणि पहाट होते तेव्हा नेमका जकातीच्या झोपडीसमोर उभा असतो. नदीचा उतार असो वा डोंगराची खिंड, माल जेथून गेल्याखेरीज गत्यंतर नाही तेथेच जकातदार बसणार. नदीवरचा घाट आणि डोंगरातला घाट हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, त्यामागे हा व्यवहार असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे लोक आजही सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, घाट आणि जकात यांची जोडी लोकस्मृतीत पक्की आहे एवढे तीवरून निश्चित म्हणता येते.

मराठीत डोंगर ओलांडण्याच्या वाटांना घाट हा एकच शब्द नाही. खिंड आहे, नाळ आहे, निसणीची वाट आहे. त्यांतला घाट म्हणजे त्यातल्या त्यात वाहता मार्ग. बैलांचे तांडे जाऊ शकतील असा. बोरघाट, माळशेज, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा ही सारी अशा मार्गांची नावे होत. पर्वत एक आणि घाट अनेक, असा हा सरळ संबंध आहे. (भांड्याचा घाट, लग्नाचा घातलेला घाट ही अर्थांची वेगळी शाखा, तिच्यात येथे शिरत नाही.)

मात्र 'घाट' शब्दाचा अर्थविस्तार मराठीतही झालेला होता, हे मान्य करावयास हवे. कोकणातला माणूस 'घाटावर गेला' म्हणतो तेव्हा तो एखाद्या विशिष्ट खिंडीत जाऊन बसलेला नसतो. तो देशावर गेलेला असतो. 'घाटमाथा', 'घाटाखाली', 'घाटी' हे सर्व शब्द याच विस्ताराचे. 'घाटी' या शब्दाला कोकणात आणि पुढे मुंबईत जो हेटाळणीचा वास आला, तो आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. सोलापूरच्या माणसाने आयुष्यात सह्याद्री पाहिलेला नसला तरी मुंबईत तो घाटीच ठरतो! कर्नाटकातही किनाऱ्यावरचे लोक 'घट्टद मेले' म्हणजे 'घाटाच्या वर' असा उल्लेख वरच्या मुलखासाठी करतात. घरात कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या भागातील मुलांना 'घट्ट' आणि 'घाट' हे एकच आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

व्याकरणाचाही येथे थोडा हातभार आहे. मराठीत 'घाट' या शब्दाचे अनेकवचन 'घाट' असेच होते. एक घाट, दहा घाट. 'घाट चढून आलो' या वाक्यात एक खिंड आहे की सारी डोंगररांग, हे परक्या माणसाला केवळ कानाने कळणे अवघडच.

पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या लेखणीतून :

हे परके कान प्रथम पोर्तुगिजांचे होते. जुवांव द बारूश या पोर्तुगीज इतिहासकाराने आपल्या 'दशकां'च्या पहिल्या भागात (१५५२) असे लिहिले आहे की, या देशाला उभा छेदणाऱ्या पर्वताला स्वतःचे असे नाव नाही. लोक त्याला सामान्यनामाने 'गाट' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'सेरा', म्हणजे डोंगररांग, असा आहे. बारूश लिस्बनमध्ये हिंदुस्थानविषयक व्यापाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. तो स्वतः कधीही हिंदुस्थानात आला नाही. किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांतून व खलाशांच्या बोलण्यातून त्याने आपला ग्रंथ रचला. ज्या पर्वताचे नाव सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी नाशिकच्या लेण्यात कोरले गेले होते, त्याला नावच नाही असे लिस्बनमध्ये नोंदवले गेले. त्याला माहिती देणारे बंदरावरचे व्यापारी, हमाल, दुभाषी हे होते. त्यांचा संबंध वाटेशी व जकातीशी; कुलपर्वतांच्या यादीशी नव्हे. त्यांनी जे सांगितले ते खोटे नव्हते. प्रश्न वेगळा होता आणि उत्तर वेगळ्याच प्रश्नाचे होते.

इंग्रजांनी हा शब्द उचलला तेव्हा 'घॉट' व त्याचे अनेकवचन 'घॉट्स' असे त्याचे रूप झाले. येथे इंग्रजीने एक भेद निर्माण केला, जो मराठीत नव्हता. एकवचनी घॉट म्हणजे खिंड किंवा नदीचा घाट. निश्चित उपपद लावून अनेकवचनी 'द घॉट्स' म्हणजे संपूर्ण पर्वतरांग. एकाच पुस्तकात, कधी एकाच पानावर, दोन्ही अर्थ आढळतात. सातारा येथे रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) सह्याद्री हे नाव आहे आणि घॉट्सही आहेत. शिवाय माथ्यावरील प्रदेशासाठी 'कोकण-घाटमाथा' आणि खालच्या पट्टीसाठी 'तळकोकण' हे मराठी भेदही त्याने नोंदविले आहेत. डफ मराठी माणसांत व मराठी कागदपत्रांत वावरला होता, हे त्याच्या शब्दयोजनेवरून जाणवते.

या गोंधळाची उकल इंग्रजीतच पुढे झाली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात (१८८६) 'घॉट' या नोंदीखाली तीन अर्थ क्रमाने दिले आहेत : नदीचा उतार, डोंगरातील वाट आणि त्यावरून पर्वतरांग. 'घाटाच्या वरचा मुलूख' व 'घाटाखालचा मुलूख' असे एतद्देशीयांचे बोलणे ऐकून परकीयांनी घाट हे पर्वताचेच नाव समजले असावे, असा त्यांचा कयास आहे. तो प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटतो; फक्त त्यात एक भर घालावीशी वाटते. 'घाटावर' या मराठी प्रयोगात वाटेकडून मुलखाकडे अर्थ आधीच सरकलेला होता. परकीयांनी तो आणखी एक पाऊल ढकलला. त्यामुळे याला निव्वळ अज्ञानातून झालेली चूक म्हणणे अन्यायाचे होईल. चूक असलीच तर ती दुसरीकडे आहे : 'याला नाव नाही' या विधानात.

रेल्वेने हे दोन्ही अर्थ सामान्य माणसापर्यंत पोहोचविले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली, पण बोरघाटातील चढाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. म्हणजे सुमारे तीन वर्षे सोलापूरची गाडी 'घाटावर'च होती. मधला सुमारे १५ मैलांचा आणि १८०० फूट चढाचा टप्पा रुळांवाचून होता. आजही रेल्वेच्या भाषेत 'घाट सेक्शन' म्हणजे बोरघाट किंवा थळघाटाचा तेवढाच टप्पा. रेल्वेचा कर्मचारी 'घाट' हा शब्द त्या विद्यार्थिनीच्याच अर्थाने वापरतो.

पायऱ्यांची व्युत्पत्ती :

इंग्रजी संदर्भग्रंथांतून व त्यांच्या आधारे लिहिलेल्या मराठी मार्गदर्शिकांतून एक स्पष्टीकरण वारंवार येते : घाट म्हणजे पायऱ्या, हा पर्वत किनाऱ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, म्हणून त्याला घाट म्हणतात. हे ऐकावयास सुंदर आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. परंतु पायरीचा अर्थ नदीच्या घाटाचा आहे. डोंगरातील घाटाचा अर्थ वाट असा आहे, आणि पर्वताला नाव मिळाले ते या दुसऱ्या अर्थातून, हे वरील नोंदींवरून स्पष्ट होते. पायऱ्यांची कल्पना खरोखर ज्या नावात आहे ते नाव वेगळेच आहे. दख्खनच्या लाव्हाथरांना भूशास्त्रज्ञ 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातील 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. एका नावाचे स्पष्टीकरण शेजारच्या नावाला चिकटले असावे.

शिवाय हे स्पष्टीकरण पूर्व घाटाला लावले की ते कोसळते. नद्यांनी जागोजागी तोडलेल्या, एकमेकींपासून सुट्या टेकड्यांच्या त्या मालिकेला सलग पायऱ्यांचा आकार नाही. तेथे महेंद्रगिरी आहे, नल्लमला आहे. स्थानिक नावे वेगवेगळी. 'पश्चिम' आहे म्हणून 'पूर्व'ही, अशी नकाशावरची जोडी इंग्रजीने रूढ केली. केरळातील पालक्काडचे उदाहरण तर गमतीचे आहे. त्या नावातील शेवटचा भाग 'काडु' म्हणजे अरण्य असा सांगितला जातो. इंग्रजीत त्याचे 'पालघाट' झाले, आणि तेथे पर्वतात खरोखरच मोठी खिंड असल्यामुळे हा घाट कोणालाही खटकला नाही.

बालाघाट – आपल्या दारातील उदाहरण :

फारसी 'बाला' म्हणजे वर आणि 'पाईन' म्हणजे खाली. मोगल व दख्खनी कारभारात 'बालाघाट' आणि 'पायनघाट' ही मुलखांची नावे होती, डोंगरांची नव्हेत. वऱ्हाडात पूर्णेचे खोरे पायनघाट आणि दक्षिणेचे पठार बालाघाट. कर्नाटकातही तसेच : म्हैसूरच्या बाजूचे पठार बालाघाट आणि अर्काटच्या नबाबाचा सखल मुलूख पायनघाट. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे नाव याच जातीचे आहे. म्हणजे 'बालाघाट' हे 'घाटावर' या मराठी प्रयोगाचे सरकारी फारसी रूप होय.

परंतु आज महाराष्ट्राच्या नकाशावर हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेकडे, गोदावरी व भीमा यांच्या खोऱ्यांच्या मधून अहिल्यानगर, बीड, धाराशिवमार्गे जाणाऱ्या डोंगररांगेला बालाघाट म्हणतात. मुलखाचे नाव डोंगरावर उतरले. जे सह्याद्रीच्या बाबतीत इंग्रजीत घडले तेच येथे आपल्याकडे घडले आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. तुळजापूरच्या घाटातून वर गेलेला यात्रेकरू बालाघाटावर, म्हणजे शब्दशः 'घाटावरच्यावर', पोहोचतो. नावे अशीच सरकतात. सह्याद्रीच्या बाबतीत वेगळे घडले ते एवढेच की, तेथे एक जुने, जिवंत नाव अगोदरच होते आणि नव्या नावाने त्याला मागे सारले.

परत आलेले नाव :

'वेस्टर्न घाट्स'चे 'पश्चिम घाट' असे भाषांतर होऊन ते मराठीत आले आणि एकवचनी झाले. 'पश्चिम घाट समृद्ध आहे' असे आपण लिहितो. इंग्रजीतील अनेकवचनात अनेक वाटांची जी पुसट आठवण उरली होती, तीही येथे गेली. दिशेचे तर विचारूच नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पर्वत पूर्वेला आहे. त्याचा सूर्य त्यामागून उगवतो. पश्चिम ही दिशा द्वीपकल्पाचा नकाशा समोर ठेवणाऱ्याची आहे.

शेजारच्या भाषांनी काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. कन्नड व मल्याळममध्ये 'पश्चिम घट्ट' हे भाषांतर रूढ झाले, पण सह्याद्री व 'सह्यन' ही नावेही टिकली. तमिळने घाट हा शब्द घेतलाच नाही. 'पश्चिमेची सलग पर्वतरांग' अशा अर्थाचे स्वतंत्र नाव तेथे वापरात आहे. आपल्याकडे मात्र अशी समजूत दृढ झाली की पश्चिम घाट हा सुमारे १६०० किलोमीटरचा संपूर्ण पर्वत आणि सह्याद्री हा त्याचा महाराष्ट्रातील भाग. पुराणांतील सह्याच्या नद्यांची यादी पाहता हा क्रम उलटा आहे.

या प्रश्नाला केवळ शब्दिक महत्त्व नाही. २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आपला अहवाल दिला. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने या पर्वतातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार आहेत. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला. या साऱ्या कागदपत्रांचे नाव 'वेस्टर्न घाट्स'. अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा असा गाडगीळ यांचा आग्रह होता. ज्या गावकऱ्याच्या भाषेत घाट म्हणजे एस.टी.ची वाट, त्याला 'पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्र' या शब्दांतून आपली जमीन, आपले रान आणि आपला झरा डोळ्यांसमोर येणे कठीण आहे. 'सह्याद्री' म्हटले असते तर मतभेद मिटले असते असे नव्हे. पण वाद कशाविषयी आहे हे निदान पहिल्या वाक्यात कळले असते.

इतिहासाच्या अध्यापकांपुढे एक छोटी पण नित्याची अडचण आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागद, गॅझेटियर, प्रवासवर्णने यांचे उतारे आपण विद्यार्थ्यांना मराठीत करून देतो. त्यांत 'घॉट्स' आले की 'पश्चिम घाट' असे लिहून मोकळे होण्याची सवय लागली आहे. 'घॉट्सच्या वर धान्य स्वस्त होते' अशा धाटणीच्या वाक्याचे 'पश्चिम घाटाच्या वर' असे भाषांतर केले, तर विद्यार्थी पर्वतशिखरावरील बाजार शोधू लागतो. तेथे 'घाटावर' किंवा 'देशावर' हवे. जकातीचा उल्लेख असेल तर तेथे खिंड आहे, आणि शक्य असल्यास तिचे नाव शोधून लिहावे. पाऊस, जंगल वा नदीचा उगम असेल तेथे सह्याद्री. 'बालाघाट' आले तर त्याहून सावध राहावे लागते, कारण मोगलकालीन कागदात तो मुलूख असतो आणि अलीकडील अहवालात डोंगर.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी प्रस्तुत लेखकाने 'पश्चिम घाट हा रस्ता नसून पर्वत आहे' असे सांगून पुढचा मुद्दा घेतला होता. पुढील वर्षापासून तो तास नाणेघाटापासून सुरू होतो.